मुक्त सॉफ्टवेअरवर दुकान चालवताना

मुक्त सॉफ्टवेअर लिहून पोट भरतं का, असं इंजिनिअरिंगमधून नुकती बाहेर पडलेली मुलं मला विचारतात. भरतं. पण किरकोळ बाजारात, एकेका गिऱ्हाइकाला प्रत विकून भरायला जाल तर फार ओढाताण होते. ती मी काढली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला, तेव्हा सांगली-मिरजेतल्या किराणा आणि मेडिकलवाल्यांची संगणकावर बिलं करायची घाई उडाली. माझा बिलिंगचा प्रोग्रॅम तेव्हा तयार होता, जीपीएल परवान्याखाली, सोर्ससकट. गणपती पेठेतल्या एका शेठनी बारकोड, उधारीचं खातं, थर्मल प्रिंटरवरची चिठ्ठी, सगळं निरखून पाहिलं आणि विचारलं, "नेटवर फुकट मिळतं म्हणता, मग मला पैसे कसले लावताय?"

प्रश्न रास्त होता, आणि तो तुम्हालाही पहिल्याच दुकानात येणार आहे. जीपीएलने पैसे घ्यायला कधीच मनाई केलेली नाही. हा परवाना लिहिणारे रिचर्ड स्टॉलमन स्वतः १९८५ मध्ये त्यांच्या ईमॅक्स या एडिटरची टेप १५० डॉलरला विकत होते. जीपीएलच्या २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत तर स्पष्टच लिहिलंय की प्रतीला हवी ती किंमत लावा, आणि मदतीचे किंवा हमीचे वेगळे पैसे घ्या. पण एका दुकानदाराने विकत घेतलेली प्रत त्याने शेजारच्याला पेनड्राइव्हवर दिली तर तो त्याचा हक्कच आहे. म्हणजे पहिल्या प्रतीनंतर किंमत शून्याकडे घसरणार, हे धरूनच चालायचं. म्हणून मी शेठना सांगितलं: प्रोग्रॅमचे पैसे नाहीत. तुमचा साठा आणि उधारी त्यात भरून देणं, प्रिंटर अडला तर येणं, आणि सरकारने दर बदलले की तुमचं बिल चुकू न देणं, याचे वर्षाचे पैसे आहेत. त्यांनी एएमसी, म्हणजे वर्षाच्या देखभालीचा करार, केली.

त्या शेवटच्या कलमाचं मोल २०२५ मध्ये कळलं. ३ सप्टेंबरला नवे दर जाहीर झाले आणि २२ तारखेला, ऐन घटस्थापनेला, लागू झाले. साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ टक्क्यांवरून ५ वर आलं, तूप-लोणी १२ वरून ५ वर. वरवर पाहता दराचा रकाना बदलायचा, एवढंच. प्रत्यक्षात एकाच बारकोडखाली जुन्या आणि नव्या एमआरपीचा माल फळीवर शेजारी शेजारी होता. २१ तारखेला विकलेली वस्तू परत आली तर तिची क्रेडिट नोट जुन्याच दराने काढायची होती. हे ज्याच्या संगणकावर चोख चाललं, त्याने पुढच्या वर्षाचे पैसे कुरकुर न करता दिले. सोर्स तेव्हाही सगळ्यांना खुला होता. तो वाचून सणाच्या गर्दीआधी दुरुस्त करून देणारा माणूस हवा होता, आणि गिऱ्हाईक पैसे मोजतं ते त्या माणसाचे.

दुसरा अनुभव कडू आहे. एका संगणक विक्रेत्याने माझाच प्रोग्रॅम नाव आणि लोगो बदलून नव्या मशीनबरोबर विकायला सुरुवात केली. विकायचा त्याला हक्क होता. माझी स्वामित्वाची नोंद पुसण्याचा आणि गिऱ्हाइकाला सोर्स न देण्याचा नव्हता, आणि त्याने दोन्ही केलं. त्याची गिऱ्हाइकं अडली की ओळखीतून माझ्याकडेच यायची. त्यांना मी परत पाठवलं नाही. सोर्स त्यांच्या हातात दिला आणि एएमसीचा दर सांगितला. बरीच राहिली. तुम्ही मात्र आधी आपलं नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवा. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. कोड मुक्त ठेवूनही नाव आपलं राहू शकतं. याच नावाच्या प्रश्नावरून डेबियन या लिनक्स वितरणाने २००६ पासून दहा वर्षं फायरफॉक्स ब्राउझर 'आइसवीझल' म्हणून दिला.

मग प्रत विकून जगणारे नाहीतच का? आहेत, आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. क्रिटा हा चित्रकलेचा प्रोग्रॅम त्यांच्या साइटवर मोफत आहे, स्टीमवर विकत. ओस्मअँड या नकाशाच्या ॲपची पूर्ण आवृत्ती एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपच्या स्टोअरवर मोफत, प्ले स्टोअरवर पैसे देऊन. आर्डर या ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्रॅमचे पॉल डेव्हिस सोर्स सगळ्यांना देतात, तयार प्रोग्रॅमचे पैसे घेतात. लोक इथे पैसे देतात कारण दुकान ओळखीचं आहे, अपडेट आपोआप येतं, आणि करणाऱ्याला काही पोचावं असं त्यांना वाटतं. पण या तिघांचंही गिऱ्हाईक जगभर पसरलेलं आहे. तालुक्याच्या गावात हे गणित जमत नाही, असं माझं स्वच्छ मत आहे.

स्टोअरवर जाण्याआधी आणखी एक बघा. व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर जानेवारी २०११ मध्ये ॲपलच्या स्टोअरमधून उतरलं, कारण त्यातल्याच एका विकासकाने स्टोअरच्या अटी जीपीएलशी जुळत नाहीत अशी हरकत घेतली. परवाना बदलून ते परत यायला २०१३ उजाडलं, आणि त्यासाठी जुन्या सहकाऱ्यांची संमती गोळा करत बसावं लागलं. तुमच्या प्रोग्रॅममध्ये कुणी दहा ओळी घातल्या तरी पैसा कुठून येतो, कुठे जातो आणि पुढे परवाना बदलला तर काय, हे त्याच्याशी त्याच दिवशी लिहून ठरवा.

आणि एएमसीची मागणी फेब्रुवारीतच करा. मार्चअखेरीला दुकानदाराला हिशेबासाठी तुमची गरज असते आणि वर्षाच्या खर्चात ती रक्कम बसते. एप्रिलमध्ये गेलात तर "दिवाळीला बघू" हेच ऐकायला मिळतं.