एकदा बोलायला लागला की थांबतच नाही

प्रश्न : माझा सोळा वर्षांचा मुलगा ऑटिस्टिक आहे. रेल्वे इंजिनांवर सुरू झाला की आवरत नाही, पाहुणे कंटाळतात. त्याला गप्प कसं करावं?
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, गप्प करू नका. पाहुण्यांनी घड्याळाकडे पाहणं, नुसतं ‘हं हं’ करणं, या खुणा त्याला आपसूक उमगत नाहीत. बोलण्याच्या ओघात तर मुळीच नाहीत. शिवाय तपशील गाळला की सांगणं अर्धवट राहिलं असं अनेकांना वाटतं. म्हणून डोळे वटारू नका, सरळ शब्दांत सांगा : “डब्ल्यूएपी-७ इंजिनाचं एवढं पूर्ण कर, मग मावशी बोलेल.” आणि मावशीलाही बोलू द्या.

दोष एकट्या त्याचा नाही. स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलं, की ही न समजण्याची अडचण दुहेरी असते. पुढे २०२० मधल्या एका अभ्यासात ऑटिस्टिक व्यक्तींनी आपापसांत माहिती इतरांइतकीच नीट पोचवलेली दिसली. त्याच्यासारखाच रेल्वेवेडा मित्र मिळाला तर फार बरं!

मध्येच थांबवल्यावर तो फारच अस्वस्थ होत असेल, तर ऑटिझमची जाण असलेल्या स्पीच थेरपिस्टना भेटा.