गवताखालचा कार्बन कोणाचा?

मागच्या महिन्यात दादाचं दुबई–दाबोळी तिकीट काढत होतो. पैसे भरायच्या पानावर एक छोटी चौकट आली: थोडे जास्त पैसे द्या आणि प्रवासाचा कार्बन भरून काढा. दादा फोनवर म्हणाला, "कर टिक. चार पैशांत पाप धुतलं जातंय तर वाईट काय?" मी टिक केलं. मग ते पैसे जातात कुठे, ते शोधत बसलो.

आधी हिशेब समजून घेऊया. एक कार्बन क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत जायचा टळला, किंवा हवेतून काढून घेतला, असा दाखला. १९९७च्या क्योटो करारानंतर हा व्यवहार जगभर पसरला. स्वतःच्या धुराच्या बदल्यात कंपनी दुसरीकडे वाचलेला टन विकत घेते. अट एकच, पण अवघड: हे पैसे मिळाले नसते तर तो टन वाचलाच नसता, असं दाखवावं लागतं. शेजारी आपला आंबा तोडणारच नव्हता आणि तो 'वाचवल्याबद्दल' त्याला पैसे दिले, तर वाचलं काय? धूर मात्र खरोखरच झाला.

हे झालं गणित. न्यायाचा प्रश्न मला कळला तो उत्तर केनियातल्या प्रकल्पामुळे.

तिथे नॉर्दर्न रेंजलँड्स ट्रस्ट ही संस्था सुमारे १९ लाख हेक्टर गायरानावर कार्बन प्रकल्प चालवते. झाडं लावायची नाहीत. सगळा मामला गवताचा आणि मातीचा. बोराना, सांबुरू, रेंदिले या पशुपालकांनी आळीपाळीने गुरं चारली की गवताला उसंत मिळते, मुळं वाढतात, मातीत कार्बन साठतो. तो मोजायचा आणि विकायचा. मेटा आणि नेटफ्लिक्स यांनी ही क्रेडिट्स घेतली आहेत.

पण आळीपाळीची चराई बोरानांना कोणी शिकवायची गरजच नव्हती. कुठल्या ऋतूत कुठलं कुरण, कुठली विहीर, हे त्यांचे ज्येष्ठ पिढ्यान्‌पिढ्या ठरवत आले आहेत. दुष्काळात गुरं घेऊन दूर जाणं हाच त्यांचा विमा, आणि २०२० पासून तिथे सलग पाच पावसाळे कोरडे गेले. ज्यांचा धूर नगण्य, त्यांच्याच गुरांवर हे संकट. २०२३ मध्ये सर्व्हायव्हल इंटरनॅशनलने आक्षेप घेतला की, प्रकल्पाने जुनी रीत मोडली आणि लोकांना नीट विचारलंही नाही. ट्रस्टने आरोप नाकारले. जानेवारी २०२५ मध्ये इसिओलोच्या न्यायालयाने निकाल दिला: दोन संवर्धन क्षेत्रं पुरेशा लोकसहभागाविना, बेकायदा स्थापन झाली होती. त्यांतलं बिलिको बुलेसा या कार्बन प्रकल्पातही होतं. मग क्रेडिट्स प्रमाणित करणाऱ्या व्हेराने प्रकल्प स्थगित करून पुन्हा तपासायला घेतला.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या 'लाउदातो सी'मध्ये हा धोका सांगितलाच होता: क्रेडिटच्या खरेदी-विक्रीतून नवी सट्टेबाजी सुरू होईल आणि श्रीमंतांच्या उधळपट्टीला पळवाट मिळेल. (पापमुक्तीपत्रांनी आपल्या चर्चचे हात एकदा पोळलेत, म्हणून त्यांना हे लवकर उमगलं असावं.)

भारतानेही २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली. आपल्याकडेही गायरानं आहेत, देवराया आहेत, २००६चा वनहक्क कायदा आहे. उद्या कुणी तिथला कार्बन मोजायला आलं, तर टन किती हे नंतर. ग्रामसभेला कोणी विचारलं, तिने काय उत्तर दिलं, आणि पैसे कोणाच्या खात्यात जाणार, हे आधी विचारायला हवं.

दादाची पावती मी परत उघडून पाहिली. भरलेली रक्कम होती, वाचवलेले किलो होते. गावाचं नाव कुठेच नव्हतं.