रान विकण्याआधी

चि. भाचीस,


कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) फेरीत पुण्याचं अभियांत्रिकी कॉलेज लागलं, याचा घरात सगळ्यांनाच आनंद आहे. पण फीचा आकडा ऐकून बाबांनी रानाला गिऱ्हाईक शोधायला घेतलं, असं आईकडून कळलं. त्यांना आठवडाभर थांबव.

ही फी कुठून आली, ते आधी सांगतो. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी मिळाली. तोवर महाराष्ट्रातली मुलं कर्नाटकात जाऊन देणग्या भरत. या निर्णयाने खेड्यातली कितीतरी मुलं इंजिनिअर झाली. पण कॉलेज चालवण्याचा खर्च तेव्हापासून शिकणाऱ्याच्या खिशातून निघू लागला. त्याला लगाम घालायला कायदेही आले. १९८७ च्या कायद्याने प्रवेशासाठी देणगी घेण्यावर बंदी घातली. खासगी व्यावसायिक कॉलेजांची फी आता २०१५ च्या कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण मंजूर करतं. कॉलेज सांगतंय तो आकडा आणि मंजूर आकडा एकच आहे का, हे आधी बघ.

तुझ्यासाठी सर्वांत मोलाचा कागद म्हणजे ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आणखी एक अट आहे, आणि ती कडक आहे: प्रवेश कॅपमधूनच हवा. व्यवस्थापन कोट्याला सवलत नाही, खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांनाही नाही. तेव्हा "याहून मोठ्या नावाच्या कॉलेजात थेट जागा मिळवून देतो" असं कुणी म्हणालं, तरी मिळालेली जागा सोडू नकोस.

तहसीलमधून उत्पन्नाचा आणि ईडब्ल्यूएसचा दाखला काढ, महाडीबीटी पोर्टलवर या शुल्कमाफीचा अर्ज भर. तो दरवर्षी भरावा लागतो. मूळ गुणपत्रिका कॉलेजात ठेवून येऊ नकोस. पडताळणी झाली की परत घ्यायची.

खोली आणि मेस मात्र उरतेच, आणि पुण्यात खरा भार तोच आहे. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. त्याला लागणारा अल्पभूधारकाचा दाखला याच रानाच्या सातबाऱ्यावर मिळतो, हे बाबांना आवर्जून सांग. तरीही तूट राहिली, तर नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. त्यासाठी तुझं कॉलेज तिच्या यादीत आहे का, ते पाहावं लागेल.

रविवारी बाबांसोबत बसून मेस आणि खोलीचा वर्षाचा खर्च कागदावर मांड. रानाचं बोलणं त्यानंतर.

तुझा,
मामा