स्मृतिभ्रंशाची शेवटची पायरी आणि सोबत्याचा प्रश्न

पती किंवा पत्नी स्मृतिभ्रंशाने अंथरुणाला खिळली, की घरात एक प्रश्न घोळत असतो, तोंडातून मात्र निघत नाही : "आता आणखी किती दिवस?" विचारणाऱ्याला वाटते, आपण मरण चिंतितो की काय! तसे नाही हो. जन्माच्या सोबत्याचे हाल पाहवत नाहीत, आणि स्वतःचे अंगही आता साथ देत नाही. त्यात पाप कसले?

उत्तर मात्र वैद्यालाही नेमके देता येत नाही. १९०६ साली आलॉइस आल्झायमर या जर्मन वैद्याने ज्या व्याधीचे प्रथम वर्णन केले, ती मेंदू हळूहळू पोखरते. आधी नावे जातात, मग माणसे ओळखू येत नाहीत. शेवटी बोलणे, चालणे, गिळणेसुद्धा जाते. अमेरिकेत बॉस्टनच्या आसपासच्या २२ शुश्रूषागृहांत या अवस्थेतील ३२३ रुग्णांवर दीड वर्ष लक्ष ठेवले; अहवाल २००९ साली निघाला. तेवढ्यात निम्म्याहून थोडे अधिक गेले, बाकीचे होतेच. न्यूमोनिया, वरचेवर ताप, खाणे सुटणे ही शेवट जवळ आल्याची चिन्हे खरी. पण तापातून उठणारेही असतात. तेव्हा तिथी मोजत बसू नये.

खाण्याविषयी जरा सविस्तर सांगितले पाहिजे, कारण खरी ओढाताण तेथेच होते. "खाल्ले नाही तर जाईल" म्हणून घास कोंबतात. हे फार धोक्याचे. पाणी, चहा असले पातळ श्वासनलिकेत जाऊन ठसका लागतो. दाट पेज, मऊ गुरगुट्या भात बरा उतरतो. नीट बसते करावे, हनुवटी किंचित खाली, चमचा लहान, आधीचा घास उतरला की मगच पुढचा. नंतर अर्धा तास आडवे करू नये. तोंड मिटले, मान फिरवली, की थांबावे. नाकातून नळी घालण्याचा सल्ला पुष्कळदा मिळतो. परंतु या अवस्थेत नळीने आयुष्य वाढते असे दिसून आलेले नाही, न्यूमोनियाही टळत नाही. हाताने, सोसेल तेवढेच भरवावे. घास सुटला म्हणजे भरवणारा कमी पडला, असे मुळीच समजू नये.

बाकी दोन-दोन तासांनी कूस बदलावी, पाठ व टाचा पाहाव्या, तोंड ओल्या फडक्याने पुसावे. कण्हणे, कपाळाला आठ्या, अंग चोरणे हे दुखत असल्याचे सांगणे असते; वैद्याच्या कानावर घालावे. ओळख गेली तरी स्पर्श आणि सूर पुष्कळ काळ पोचतो. हरिपाठ हळू म्हणावा. बोटे हललीच पाहिजेत हा हट्ट नको.

वारी चुकली म्हणून हळहळणाऱ्यांस पुंडलिकाची गोष्ट आम्ही काय सांगावी! पण तिचा आधार घेऊन एकट्यानेच मरमर मरावे, हेही बरोबर नव्हे. मुलगा, सून, शेजारी, भजनातली मंडळी, कुणालाही दुपारी दोन तास बसायला बोलवावे आणि निवांत झोपावे. माणूस समोर असूनही विरहाने डोळे भरतात, भरू द्यावे.

इस्पितळात यंत्रावर ठेवायचे की घरीच राहू द्यायचे, हे घरच्यांनी वैद्याशी आधीच बोलून ठरवावे. धडधाकट असताना त्या माणसाला काय रुचले असते, ते आठवावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली यासंबंधीच्या इच्छापत्राला मान्यता दिली, २०२३ साली रीत सोपी केली : दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. रुग्णाला आता ते करता येणार नाही. सोबत्याने मात्र स्वतःचे करून ठेवावे, आणि कागद कोणत्या ट्रंकेत आहे ते मुलांना दाखवून द्यावे.