सर, घर कुणासाठी घेताय?

प्रश्न : मी लातूरच्या एका खासगी शाळेत शिक्षक आहे. वय 51. शाळा पुष्कळ वर्षं विनाअनुदानित होती, पगार उशिरा सुरू झाला. बहिणींची लग्नं, वडिलांचं आजारपण, मुलाचं शिक्षण यात घर राहूनच गेलं. गावी, अहमदपूर तालुक्यात, चौघा भावांत मिळून एक माळवदाचं घर आहे. मुलगा आता पुण्यात नोकरीला लागलाय, तर मिसेस म्हणतात घर घेऊन टाकू. त्यांचं माहेर नांदेडचं. या वयात बँक कर्ज देते का? आणि एक कुतूहल म्हणून विचारतो, पन्नाशी उलटल्यावर पहिलं घर घेणारे माझ्यासारखे आणखी असतात का, की मीच मागं राहिलो?
— एक शिक्षक, लातूर

उत्तर : कुतूहलाचा प्रश्न आधी घेतो, सर. तुमच्यासारखे भरपूर आहेत. फक्त ते वास्तुशांतीच्या पत्रिकेवर वय छापत नाहीत.

आपल्याकडं घर घेण्याचं वय पगारावरून ठरतं, आणि पगार कधी सुरू होणार हे सरकारच्या जीआरवरून. विनाअनुदानित शाळेत ऐन उमेदीची वर्षं फुकटात नाहीतर संस्थेच्या मर्जीवर काढायची. मग 20 टक्के अनुदान, मग 40, आणि प्रत्येक टप्प्यासाठी आझाद मैदानावर जाऊन बसायचं. बँकेला यातलं काही दिसत नाही. तिला दिसते शालार्थमधली पगाराची स्लिप. ती ज्या महिन्यापासून सुरू होते, बँकेच्या लेखी तुमची नोकरी त्या महिन्यापासूनची. म्हणजे जन्मदाखल्यावर 51 आणि पगारदार म्हणून जेमतेम पंचविशीतले, अशी तुमच्या पिढीतल्या कितीतरी मास्तरांची अवस्था आहे.

दुसरं कारण गावाकडच्या घराचं. लातूर-नांदेडात भाड्यानं राहणारा माणूस स्वतःला बेघर समजत नाही, कारण ‘आपलं घर’ गावात असतं. तिथं कुणी कायमचं राहत नसलं, चौघांचे चार खण पडले असले, तरी दिवाळीला जायला ते असतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, 3 वाजून 56 मिनिटांनी, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा सर्वांत जास्त माणसं याच घरांखाली गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर दीड-दोन फूट मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार राहणारं हेच छत त्या पहाटे अंगावर आलं. सुमारे दहा हजार माणसं गेली. लातूर जिल्ह्यातल्या पुष्कळांनी त्यानंतर गावच्या घरात झोपणं कमी केलं, पण सात-बारावरचं आणि ग्रामपंचायतीच्या नमुना आठवरचं नाव काही कुणी काढलं नाही. हे नाव पुढं आडवं येतं. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात, 2024 च्या नव्या टप्प्यात, 9 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना 35 लाखांपर्यंतच्या घरासाठी व्याजात जास्तीत जास्त 1 लाख 80 हजारांची सवलत आहे. अट अशी की कुटुंबाच्या नावावर देशात कुठंही पक्कं घर नसावं. तुमच्या माळवदाला पक्कं म्हणायचं का, हे अर्ज करण्याआधी महापालिकेत विचारून घ्या. ‘पहिलंच घर आहे’ असं प्रतिज्ञापत्र देऊन मोकळं होऊ नका.

आता कर्ज. बँक देते. बऱ्याच बँका वयाच्या 70 पर्यंत हप्ते चालू देतात, पण ते निवृत्तीनंतर नियमित पेन्शन येणार असेल तर. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, आणि त्या तारखेआधी लागूनही ज्यांच्या शाळेचं अनुदान नंतर आलं, त्यांचं घोंगडं भिजतच पडलंय. तुम्ही यातल्या कुठल्या रांगेत आहात ते तुम्हाला पाठ असेलच. बँक मुलाला सहकर्जदार घ्यायला सांगेल, म्हणजे मुदत वाढते. मुलाला हे सांगा की उद्या तो पुण्यात स्वतःसाठी कर्ज काढायला गेला, तर हा हप्ता त्याच्या पात्रतेतून वजा होणार.

आकडा मांडून बघू. 20 लाखांचं कर्ज, व्याज साडेआठ टक्के धरू. 15 वर्षांची मुदत घेतली तर हप्ता साधारण 19,700 रुपये. बरा वाटतो. पण 58 व्या वर्षी, सत्काराची शाल अंगावर असताना, बँकेचं 13 लाख 68 हजारांच्या आसपास देणं शिल्लक असेल. तेच कर्ज सात वर्षांत फेडायचं तर हप्ता 31,700 च्या जवळ जातो आणि एकूण व्याज साडेपंधरा लाखांवरून साडेसहा लाखांवर येतं. माझं मत विचाराल तर, कागदावर 15 वर्षं घ्या आणि मनात सात ठेवा. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरले तर बँकेला दंड लावता येत नाही, 2012 पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. महागाई भत्त्याचा फरक, वेतन आयोगाची थकबाकी, सुट्टीतल्या पेपर तपासणीचे पैसे, जे येईल ते मुद्दलात टाका. सात वर्षांचा हप्ता कुठल्याच हिशेबानं झेपत नसेल तर कर्जाचा आकडा जास्त आहे असं समजा आणि घर लहान बघा. निवृत्तीच्या वेळी एकरकमी जे हाती येईल ते दवाखान्यासाठी राहू द्या.

आणि इथंच विचारतो, सर, घर कुणासाठी घेताय? तुमच्या पत्रात मुलाच्या नोकरीला लागून घराचा विषय आलाय, म्हणून शंका येते. मुलाच्या बायोडाटात ‘लातूरला स्वतःचं घर’ अशी ओळ हवी म्हणून पन्नाशीतले आईबाप तीन बेडरूमचा डुप्लेक्स घेतात. पोरगं हिंजवडीत राहतं, सून तिकडचीच मिळते, आणि इकडं दोन म्हातारी माणसं खालच्या एका खोलीत. जिन्याची पायरी नऊ इंचांची, वरच्या बेडरूमला कुलूप. स्वतःसाठी घेत असाल तर बघायच्या गोष्टीच बदलतात. संडास-बाथरूम झोपायच्या खोलीजवळ, तळमजल्यावर, कमोड बसवता येईल असं. दवाखाना रिक्षाच्या टप्प्यात. हल्लीच्या रो-हाऊसमध्ये खाली पार्किंग नि राहणं वर असतं, ते पासष्टीत गुडघ्यांना महाग पडतं. शिवाय खाली नुसते खांब आणि वर भिंतींचा भार, ही रचना भूकंपात कमकुवत ठरते. लातूरचा भाग भूकंपाच्या नकाशावर 2002 मध्ये तिसऱ्या विभागात गेला, हे इंजिनिअरला आठवण करून द्यायला लाजू नका.

वरचा मजला नीटच्या पोरांना भाड्यानं देऊन हप्ता फेडू, हा हिशेब ट्यूशन एरियाच्या आसपास सगळेच करतात. करा, पण त्या भाड्याशिवायही हप्ता निघाला पाहिजे. क्लास एका गल्लीतून दुसरीकडं हलला की मुलंही हलतात.

लातूर की नांदेड? त्यात मी पडत नाही, ते तुम्ही मिसेसशी ठरवा. एवढंच सांगतो, लातूरचं घर मे महिन्यात बघा आणि नांदेडचं सप्टेंबरात. 2016 च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण कोरडं पडून लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तेव्हा बोअर किती फूट आहे हे विचारून थांबू नका, मेमध्ये किती चालतं ते शेजाऱ्याला विचारा. नांदेडात उलटं. विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की गोदावरी कुठवर येते हे जुन्या माणसांना माहीत असतं, आणि नकाशावर निळी व लाल पूररेषा आखलेली असते. निळ्या रेषेच्या आतलं घर कितीही स्वस्त मिळत असलं तरी घेऊ नका.

सर्वांत जास्त वेळ मात्र जमिनीच्या कागदांना द्या, कारण या वयात कोर्टात खेटे घालायला वर्षं शिल्लक नसतात. आपला भाग निजामाच्या राज्यातला, त्यामुळं पुण्या-मुंबईच्या सल्ल्यांत न सापडणाऱ्या भानगडी इथं असतात. प्लॉट पाडलेल्या मूळ शेताचा जुना सात-बारा, 1954-55 चं खासरा पत्रक आणि त्यानंतरचे सगळे फेरफार काढा. कुठं ‘मदतमाश’, ‘खिदमतमाश’ किंवा ‘इनाम’ असा शब्द दिसला, किंवा भोगवटादार वर्ग 2 लिहिलेलं असलं, तर तिथंच थांबा. खिदमतमाश म्हणजे मंदिर-दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेली जमीन, ती विकायचा हक्क विकणाऱ्याला असतोच असं नाही. वक्फ आणि देवस्थानच्या नोंदींचंही तसंच. एजंट म्हणेल, ‘सर, सगळी कॉलनी तशीच वसलीय.’ वसली असेल, तुमच्या नावचं खरेदीखत त्यानं पक्कं होत नाही.

गुंठेवारीचा प्लॉट असेल तर 2001 च्या गुंठेवारी कायद्याखाली तो नियमित झाल्याचं महापालिकेचं प्रमाणपत्र हातात घ्या. 2021 च्या दुरुस्तीनं ही सोय 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना मिळाली, पण सोय असणं वेगळं आणि या प्लॉटनं ती घेतलेली असणं वेगळं. बॉन्डवर, नोटरी करून घर घेऊ नका. इसार पावतीवर मोठी रक्कम देऊ नका. महारेराचा नंबर मागा. 500 चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरच्या किंवा आठ घरांपर्यंतच्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही, आणि आपल्याकडची बरीच रो-हाऊस त्यातच बसतात. नंबर नाही म्हणून बिल्डर लबाड ठरत नाही, पण तुमच्यामागं रेरा उभं नाही, एवढं समजून वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च करून घ्या.

घर कुणाच्या नावावर? मिसेसच्या. एकट्या बाईच्या नावावर राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट आहे, म्हणजे 35 लाखांच्या घराला 35 हजार वाचतात. ही सूट दोघांच्या जोडनावाला मिळत नाही. कर्ज तुमच्या पगारावर असल्यानं बँक दोघांनाही कर्जदार करून घेईल. मुलाचं नाव आत्ता लावू नका. साठीनंतर कधी त्याला बक्षीसपत्र करून द्यावंसं वाटलंच, तर ‘आम्हाला सांभाळण्याच्या अटीवर’ हे शब्द त्यात घाला. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 प्रमाणं ती अट मोडली तर घर परत मागता येतं, पण अट कागदावर असेल तर काम सोपं होतं. नाहीतर सरळ मृत्युपत्र करा. त्याला स्टँप पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, साध्या कागदावर चालतं. साक्षीदार दोन लागतात. ते तुमच्यापेक्षा वयानं लहान बघा, आणि शक्यतो तुमच्या चौघा भावांपैकी नकोत.