तिकीट हाती, जागा कोठे?

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी सुरू झाली. पुढच्याच वर्षी, १८५४ साली, रूळ आमच्या कळव्यावरून कल्याणला गेले. आगगाडी अशी आमच्या दारातून जाते. पण तिचे तिकीट नीट वाचायला आम्ही अजून शिकतोच आहोत.

कळव्याला लोकल थांबते, लांबची गाडी थांबत नाही. गणपतीला कोकणात जायचे तर ठाण्याला जावे लागते. त्या दिवसांत गर्दी फार. म्हणून पुष्कळांच्या हाती वेटिंगचे तिकीट येते.

मागे आमच्या शेजारचे एक कुटुंब कुडाळला निघाले होते. आजी, मुलगा, सून आणि कॉलेजात जाणारा नातू. चौघांचे मिळून एकच तिकीट, मोबाईलवर काढलेले. गाडी रात्रीची. दुपारी मुलगा आमच्याकडे आला. म्हणाला, "गुरुजी, चार्ट लागला. दोघांची जागा पक्की. एक आरएसी. आईचे नाव शेवटी होते, ते वेटिंगवरच राहिले."

मागून आजी आल्या. म्हणाल्या, "मी ऱ्हाते इथंच. तुम्ही जावा."

आम्ही म्हटले, "थांबा. आधी तिकीट वाचू."

वाचकहो, तुम्हीही आमच्याबरोबर वाचा.

तिकिटावर इंग्रजी अक्षरे असतात. सी-एन-एफ ही अक्षरे असली तर जागा पक्की. पुढे डबा व जागेचा नंबर असतो. आर-ए-सी म्हणजे बसायला जागा मिळाली, झोपायला नाही. एका बाकावर दोघे बसतात. कोणी आला नाही, तर पूर्ण बाक मिळू शकतो. डब्ल्यू-एल म्हणजे वेटिंग. पुढचा आकडा म्हणजे रांगेतला आपला नंबर. पुढच्या कोणी तिकीट रद्द केले, की आपला नंबर वर सरकतो.

गाडी सुटण्याच्या काही तास आधी प्रवाशांची यादी तयार होते. तिला चार्ट म्हणतात. पूर्वी ती ४ तास आधी होई. २०२५ साली रेल्वेने ही वेळ आणखी अलीकडे आणली. हे बरे झाले. घरातून निघण्याआधीच काय ते कळते. तिकिटावर दहा आकडी पीएनआर नंबर असतो. १३९ ला फोन करून तो सांगितला, की आपली जागा कळते.

आता मुख्य गोष्ट. चार्ट लागल्यावरही तिकिटावरची सगळीच नावे वेटिंगवर राहिली, तर आरक्षित डब्यात चढू नये. मोबाईलवरचे असे तिकीट आपोआप रद्द होते. पैसे थोडी कपात होऊन ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात परत येतात. खिडकीवर काढलेले तिकीट मात्र आपोआप रद्द होत नाही. २०१५ च्या नियमांप्रमाणे गाडी सुटण्याच्या ३० मिनिटे आधीपर्यंत ते परत करावे लागते. उशीर झाला तर पैसे बुडतात.

पण एकाच तिकिटावर काही नावे पक्की आणि काही वेटिंगवर असली, तर गोष्ट वेगळी. असे तिकीट मोबाईलवरचे असले तरी रद्द होत नाही. वेटिंगवरचे नावही चार्टमध्ये राहते. "पैसे आपोआप येतील" म्हणून घरी बसाल तर फसाल. कोणालाच जायचे नसेल, तर ३० मिनिटांच्या आत नव्हे, त्याच्या आधी रद्द करावे. जायचे असेल, तर गाडीत चढताच टीसीला तिकीट दाखवावे. जागा रिकामी असली तर तो देऊ शकतो. नसली तर आपल्याच माणसांच्या जागेत सामावून घ्यावे. दुसऱ्याच्या जागेवर हक्क सांगू नये.

हे आम्ही त्या घरी समजावून सांगितले. मग म्हटले, "आजींचे नाव चार्टमध्ये आहे. त्या जाऊ शकतात. जागा नावाने मिळाली, पण बसायचे कोणी कोठे हे घरात ठरवता येते. खालची पक्की जागा आजींना द्या. जागेवाचून राहायचे तर तरण्याने राहावे."

नातू लगेच म्हणाला, "मी जागा सोडतो. आजीशिवाय गणपती कसला?"

आजी काही बोलल्या नाहीत. उठून पिशवी भरायला गेल्या.

एक सवय मात्र लावून घ्या. १ नोव्हेंबर २०२४ पासून तिकीट ६० दिवस आधी काढता येते. सणाची तारीख पाहून दिवस मोजा. आणि नावे लिहिताना म्हाताऱ्या माणसांचे नाव शेवटी टाकू नका.

सांगा पाहू
१. आरएसी आणि वेटिंग यांत फरक काय?
२. सगळी नावे वेटिंगवर राहिली तर खिडकीवरच्या तिकिटाचे काय कराल?
३. तुमच्या घरी असा प्रसंग आला, तर पक्की जागा कोणाला द्याल?