मोहोळाचा आहार

मधमाश्यांचे अन्न म्हणजे मध, ही समजूत अर्धीच खरी आहे. मध हे त्यांचे इंधन होय; उड्डाणाची शक्ती आणि पोळ्याची ऊब त्यापासून मिळते. शरीर घडविणारी प्रथिने, स्निग्ध पदार्थ व जीवनसत्त्वे मात्र परागातून मिळवावी लागतात. मधमाशीला दहा आवश्यक अमिनो आम्ले लागतात, हे डच संशोधक डी ग्रूट यांनी १९५३ मध्ये दाखवून दिले.

तरुण कामकरी माश्या पराग खातात आणि त्यांच्या डोक्यातील ग्रंथींत अळ्यांसाठी पौष्टिक रस तयार होतो. पराग संपला की हा रसही आटतो. राणीचे अंडी घालणे मंदावते. माश्या अळ्या खाऊन टाकतात. नवी पिढी दुर्बळ व अल्पायुषी निपजते.

केरळ व लगतच्या कन्याकुमारी जिल्ह्यातील रबराच्या मळ्यांत हा भेद स्पष्ट दिसतो. पानगळीनंतर, साधारणतः जानेवारी ते मार्च या काळात, रबराला कोवळी पालवी फुटते आणि पानांवरील ग्रंथींतून गोड रस पाझरतो. मध विपुल मिळतो. परंतु हा रस फुलांतला नसल्याने त्याबरोबर पराग येत नाही. त्यासाठी माश्यांना घराभोवतालच्या माडांकडे व अन्य झाडांकडे वळावे लागते. म्हणून केवळ रबरावर विसंबलेले मोहोळ मधाने समृद्ध असूनही कुपोषित राहू शकते.

पुढे पावसाळ्यात मधही संपतो. उपाशी भारतीय मधमाश्या अशा वेळी पेटी सोडून जातात आणि मधपाळाचे वर्षाचे उत्पन्न बुडते. साखर व पाणी समप्रमाणात घेऊन केलेला पाक त्यांना जगवितो, पण पिल्ले वाढवू शकत नाही. पाक सायंकाळी, पेटीच्या आत आणि सर्व पेट्यांना एकाच वेळी द्यावा. अन्यथा बलवान मोहोळे दुर्बळांची लूट करतात. मधाच्या हंगामात पाक देऊ नये, कारण तो मधात मिसळतो.

परागाच्या टंचाईत तेल काढलेले सोयाबीनचे पीठ, यीस्ट व साखर यांचा मळलेला गोळा चौकटींवर ठेवता येतो. तथापि तो तात्पुरता आधार होय. एकाच वनस्पतीच्या परागात सर्व पोषकद्रव्ये पुरेशी असतीलच असे नाही; यास्तव निरनिराळ्या ऋतूंत फुलणारी झाडे राखणे हाच टिकाऊ उपाय ठरतो.

पेटी तपासताना मधपाळाने मधाच्या घरांबरोबर परागाची घरेही पाहावीत. मोहोळाचे भवितव्य त्यांवरच अवलंबून असते.